खुंटी आधी, भिंत मागून

भिंत कशाची आहे हे ओळखून मगच तिला हात लावावा, हा धडा संस्कृत नाटकात देतो तो एक चोर. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’च्या तिसऱ्या अंकात शर्विलक चारुदत्ताच्या घराला खिंडार पाडायला येतो आणि कामाला लागण्याआधी शास्त्र सांगतो. भिंत भाजलेल्या विटांची असेल तर विटा ओढून काढाव्यात, कच्च्या विटांची असेल तर कापाव्यात, मातीच्या गोळ्यांची असेल तर भिजवावी, लाकडाची असेल तर फोडावी. माप घ्यायची दोरी तो घरीच विसरलेला असतो. मग गळ्यातल्या जानव्यानेच मोजतो. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत मृच्छकटिका’ने हा चोर मराठी प्रेक्षकांच्याही घरचा करून टाकला.

नाटक घडतं उज्जयिनीत, म्हणजे माळव्यात. तिथून देवास ओलांडून दक्षिणेला निघालं, की माळव्याचं पठार जिथे संपत येतं तिथे विंध्याच्या कडेला बागली लागतं. काली सिंध नदीचा उगम या परिसरातला. पठारावर काळी जमीन, खाली नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरत जाणारं सागाचं जंगल. आज हा देवास जिल्ह्यातला एक तालुका. संस्थानी काळात मात्र बागलीचे ठाकूर ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे मांडलिक होते. शेजारी देवासला पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती, पलीकडे धारला पवारांचंच तिसरं घराणं, आणि मध्ये होळकरांचं इंदूर. अठराव्या शतकात या घराण्यांबरोबर मराठी कारकून, सरदार, भटजी, गवई माळव्यात गेले आणि जाताना घर बांधायची आपली रीतही घेऊन गेले.

शर्विलकाच्या यादीतल्या बहुतेक भिंती या टापूत एका दिवसात पाहून होतील. त्याला भेटली नव्हती ती पाचवी भिंत: दोन कागदांमध्ये दाबलेलं जिप्सम, त्याच्या पाठीला चिकटवलेला फोम, आणि बाहेरून बघावं तर गुळगुळीत पांढरी, थेट गिलाव्यासारखी. हिच्यावर टीव्ही, गिझर किंवा भांड्यांची कपाटं कशी टांगायची, हा प्रश्न आता इंदूर-पुण्याच्या नव्या फ्लॅटांत आणि ऑफिसांत रोज पडतो. उत्तर दुकानात विकत मिळणाऱ्या प्लगमध्ये शोधलं जातं. खरं उत्तर बरंच जुनं आहे, आणि त्यातला मोठा भाग बागलीच्या जंगलपट्टीत सापडतो.

या पट्टीत भिल्ल, भिलाला आणि कोरकू वस्त्या आहेत. कोरकू म्हटले की मराठी वाचकाला मेळघाट आठवतो. तिथलं घर आणि इथलं घर रचनेत फार वेगळं नाही. आधी लाकडी मेढी जमिनीत पुरायच्या, त्यांवर आडवी लाकडं टाकून छपराचा सांगाडा उभा करायचा, आणि मेढींच्या मधल्या जागेत बांबूच्या चिपांचा कूड विणून तो शेण-मातीने दोन्ही बाजूंनी लिंपायचा. ही भिंत ऊन, वारा आणि नजर अडवते. छप्पर ती उचलत नाही, आणि तिच्यावर वजनही कोणी टाकत नाही. जड टोपली, शिंकं, जातं झाकायचं सूप, पखाल, जे काही टांगायचं ते मेढीला किंवा आढ्याला. कुडात फार तर विळा खोचून ठेवतील. कोणत्या जागी सांगाडा आहे आणि कोणत्या जागी नुसती कातडी, हे त्या घरातल्या पोरालाही ठाऊक असतं, कारण मेढ लिंपणातून डोकावत असते.

जिप्सम बोर्डाचं पार्टिशन म्हणजे रचनेच्या दृष्टीने हाच कूड. मेढीच्या जागी पत्र्याचे चॅनल, साधारण ६१० मिलिमीटर अंतरावर उभे केलेले. लिंपणाच्या जागी १२.५ मिलिमीटर जाडीचा बोर्ड. फरक एवढाच, की इथे सांगाडा पूर्ण झाकला जातो, आणि माणूस कातडीलाच भिंत समजतो.

मराठी वाड्यात हा प्रश्न निराळ्या वाटेने सुटला होता. वाड्याचा भार लाकडावर असे. दगडी तळखड्यांवर खांब, खांबांवर तुळया, आणि दोन खांबांमधला एक ‘खण’. घर किती मोठं, तर इतक्या खणांचं. इंदूरचा राजवाडा याचंच राजेशाही रूप: सात मजले, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी. लाकूड असल्यामुळे तो आगीच्या भक्ष्यस्थानीही पडला, शेवटचं १९८४ साली. साध्या वाड्यात खांबांच्या मधली भिंत माती, विटा आणि चुना यांची, हात-दीड हात जाडीची. एवढी जाडी मिळाल्यावर गवंड्याने तिचा उपयोग करून घेतला नसता तरच नवल. दिव्यासाठी दिवळी, देवासाठी किंवा डब्या-बाटल्यांसाठी कोनाडा, दागिने-कागदपत्रांसाठी दारं लावलेलं फडताळ. जड वस्तू भिंतीवर लटकवण्याऐवजी भिंतीच्या पोटातच ठेवायची सोय झाली.

उरलेल्या वस्तूंसाठी खुंटी. खुंटीचा दिसणारा भाग सुतार हौसेने कातून काढी, पण काम करायचा तो न दिसणारा भाग. भिंत विशिष्ट उंचीवर आली की गवंडी थांबे, खुंटीचं लांब, ओबडधोबड शेपूट विटांच्या थरावर आडवं ठेवी आणि त्यावर पुढचे थर चढवी. वरच्या भिंतीचं सगळं वजन त्या शेपटावर बसे. पुढे खुंटीला घोड्याचं खोगीर अडकवा नाहीतर ढाल-तलवार, ती उपटायची तर आधी भिंत उचलावी लागे. ही सोय फार जुनी आहे. वात्स्यायनाने ‘कामसूत्रा’त नागरकाच्या खोलीचं वर्णन केलं आहे, त्यात वीणा भिंतीवरच्या खुंटीलाच टांगलेली आहे. म्हणजे खुंटी किती हव्यात, कुठे हव्यात, किती उंचीवर हव्यात, हे यजमानाने भिंत उभी राहण्याआधी सांगायचं. नंतर आठवलं तर उपाय नसे.

झोपाळ्याचंही तसंच. माजघरातल्या झोपाळ्याच्या कड्या तुळईतून आरपार जात आणि वरच्या अंगाला अडकवलेल्या असत. दोन माणसं झोका घेत असताना कड्यांवर येणारा ताण नुसत्या वजनाहून बराच जास्त असतो. तो सागाची तुळई पेलते, तक्तपोशीच्या फळ्या पेलत नाहीत.

जुन्या भिंतींचे फार गोडवे गाण्यातही अर्थ नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-धाराशिव भागातली हजारो माणसं गेली, ती मुख्यतः चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि मातीचं जड छप्पर अंगावर कोसळून. जिथे लाकडी खणाचा सांगाडा धड होता, तिथे काही घरांत भिंती बाहेर पडूनही छप्पर खांबांवर उभं राहिल्याचं पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी नोंदवलं आहे. भार कोण वाहतो हा प्रश्न टीव्हीपुरता नसतो.

माळव्याच्या लाकडाला आणखी एक शत्रू आहे: कोरडा उन्हाळा. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१२ साली देवासला पहिल्यांदा आला आणि १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून काही महिने राहिला. ‘द हिल ऑफ देवी’ या १९५३ च्या पुस्तकात त्याने राजवाड्यातल्या नव्याकोऱ्या पियानोंची गत सांगितली आहे. कोरड्या हवेने त्यांची लाकडं तडकली होती, पट्ट्या अडकून बसल्या होत्या, एकही वाजत नव्हता. राजवाड्याचं बांधकाम तेव्हा चालूच होतं, आणि आधी बांधलेला भाग पुढचा भाग पुरा होण्याआधीच पडायला लागला होता. हसण्यावारी नेण्यासारखा हा तपशील, पण भिंतीत लाकूड ठोकणाऱ्या प्रत्येक माणसाने लक्षात ठेवावा असा. मार्च-एप्रिलमध्ये लाकूड आकसतं आणि पावसाळ्यात फुगतं.

हे लक्षात ठेवायची वेळ आली ती विजेमुळे. विटांची पक्की भिंत आणि सिमेंटचा गिलावा आला, भिंतीची जाडी नऊ इंचांवर आणि मग साडेचारवर उतरली, कोनाडे गेले. त्याच सुमाराला त्या भिंतीवर पट्ट्या, स्विच, बोर्ड, दिवे लावायची पाळी आली. वायरमनने यावर काढलेला तोडगा म्हणजे लाकडी गिट्टी. छिन्नीने विटेत दोन इंच खोल चौकोनी भोक पाडायचं, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद. सागाचा तुकडा तसाच निमुळता तासायचा आणि रुंद बाजू आत घालून सिमेंटने पक्का करायचा. सिमेंट वाळलं की गिट्टीत स्क्रू पिळायचा. आत रुंद असल्यामुळे गिट्टी सरळ ओढून निघत नाही. तत्त्व खुंटीच्या शेपटाचंच. पण एका खोलीला अशा कितीतरी गिट्ट्या लागत. घाईत कोणी सरळ तुकडाच ठोकून मोकळा झाला, तर पहिल्या उन्हाळ्यात लाकूड आकसे आणि स्विचबोर्ड हातात येई. हार्डवेअरच्या दुकानातल्या स्क्रूचा यात काही दोष नसे.

नेमक्या याच कटकटीतून लंडनला एक शोध लागला. ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची उपकरणं बसवायची होती आणि भिंतींची नासधूस कमीत कमी व्हायला हवी होती. ते काम करणाऱ्या जॉन जोसेफ रॉलिंग्ज याने १९११ च्या सुमारास ताग चिकटवून एक बारीक पोकळ नळी तयार केली. गोल भोक पाडा, नळी आत सरकवा, स्क्रू पिळा. ताग फुगतो आणि भोकाच्या कडांना चारी बाजूंनी दाबतो. तागाचं घर म्हणजे बंगाल. ब्रिटिश म्युझियमची भिंत धरून ठेवायला वंगदेशाचं पीक कामी आलं, ही गंमत सहसा कुणी सांगत नाही. रॉलिंग्जच्या नावावरून पडलेला ‘रॉलप्लग’ मराठी कारागिरांच्या तोंडी ‘रावळ प्लग’ होऊन बसला, इतका की तो एखाद्या रावळांनी काढला असावा असं वाटावं. पुढे १९५८ मध्ये जर्मनीच्या आर्टुर फिशरने नायलॉनचा प्लग आणला. तो आकसत नाही, कुजत नाही, आणि पिळल्यावर फुलून बसतो. आज डबाभर मिळणाऱ्या रंगीत प्लास्टिकच्या गिट्ट्या त्याच्याच वंशातल्या. सोबत हातात धरायचं विजेचं ड्रिल आलं आणि एक समज रुजला: भिंत कुठलीही असो, भोक पाडा, गिट्टी ठोका, स्क्रू पिळा.

हा समज विटेपर्यंत आणि काँक्रीटपर्यंत खरा होता. फुगणाऱ्या प्लगला चारी बाजूंनी दाबायला काहीतरी घट्ट लागतं. तेच नसेल तर?

जिप्सम बोर्डाचा इतिहास अमेरिकेतला. ऑगस्टिन सॅकेट याने कागद आणि प्लास्टर यांचे थर दाबून केलेल्या बोर्डाचं पेटंट १८९४ मध्ये घेतलं. १९०९ मध्ये तो धंदा युनायटेड स्टेट्स जिप्सम कंपनीने विकत घेतला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घरबांधणीच्या लाटेत बोर्ड घरोघर गेला. जिप्समच्या वजनात सुमारे पाचवा हिस्सा पाणी स्फटिकात बांधलेलं असतं. आग लागली की ते वाफ होऊन निघतं आणि तेवढा वेळ मागची बाजू तापत नाही. हा त्याचा मोठा गुण. भारतात कच्चा माल राजस्थानात बिकानेर-नागौरकडे मुबलक आहे, तरी आपल्याकडे विटेची सवय मोडायला उशीर लागला. आधी फॉल्स सीलिंग आलं, मग ऑफिसांची पार्टिशनं, आणि आता घरांच्या भिंतींना आतून लावलेला उष्णतारोधक बोर्ड. वाड्याची दीड हात जाड भिंत दिवसाची उष्णता उशिरा आत सोडायची. साडेचार इंचाची भिंत ते करू शकत नाही. २०१८ पासूनची ‘इको-निवास संहिता’ घराच्या भिंतींतून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घालते. मग जाडीऐवजी फोम येतो: बोर्डाच्या पाठीला २५ ते ५० मिलिमीटर थर्माकोल किंवा त्याच्याहून दाट फोम, त्यामागे चिकटमसाल्याचे गोळे आणि थोडी पोकळी, आणि मग कुठे खरी भिंत.

या रचनेत साधी गिट्टी ठोकली, की ती साडेबारा मिलिमीटरच्या बोर्डात अर्धवट आणि फोममध्ये अर्धवट बसते. फोमला फुगणारा प्लग धरता येत नाही. तो नुसता दबतो. त्यातही फसवणारी गोष्ट म्हणजे सुरुवातीला सगळं ठीक दिसतं, कारण सरळ खाली जाणारं वजन बोर्ड बऱ्यापैकी पेलतो. बिघडतं ते भिंतीपासून दूर गेलेल्या वजनाने. पंधरा किलोचा टीव्ही पुढे ओढता येणाऱ्या हातावर बसवला आहे, आणि भिंतीवरची प्लेट २५ सेंटिमीटर उंच आहे असं धरू. टीव्ही मागे सरकवलेला, भिंतीपासून आठ सेंटिमीटरवर असताना वरच्या स्क्रूंवर बाहेर ओढणारा ताण पाच किलोच्या आसपास येतो. तोच टीव्ही जेवणाच्या टेबलावरून दिसावा म्हणून भिंतीपासून ५० सेंटिमीटरपर्यंत पुढे ओढला, की ताण ३० किलो होतो. वजन तेवढंच, ओढ सहापट. आणि पुढे-मागे करताना बसणारे हिसके वेगळेच.

यावर खात्रीचे उपाय मोजकेच आहेत. सगळ्यांचा रोख एकच: वजन फोम ओलांडून मागच्या भक्कम वस्तूपर्यंत पोचवायचं. मागे वीट किंवा काँक्रीट असेल तर लांब फास्टनर त्यात निदान दोन-अडीच इंच रुतला पाहिजे. मधल्या फोमच्या जाडीत स्क्रू अधांतरी राहतो, वाकतो आणि घट्ट पिळला की बोर्डाला आत ओढून खड्डा पाडतो. म्हणून त्या जाडीएवढी कडक नळी स्क्रूवर चढवायची, म्हणजे दाब बोर्डावर न येता नळीतून थेट विटेवर जातो. मागे पत्र्याचे चॅनल असतील तर लोहचुंबकाने बोर्डाचे स्क्रू शोधायचे. ते एका उभ्या रेषेत सापडले की चॅनल तिथेच. मधल्या जागी फुलपाखरासारखे पंख उघडणारा टॉगल बोल्ट वापरतात, पण त्याला मागे पोकळी हवी. पोकळी फोमने भरलेली असेल तर पंख उघडतच नाहीत, किंवा फोम फाडून अर्धे उघडतात. आरसा, घड्याळ, फोटोफ्रेम यांच्यासाठी तो ठीक आहे. गिझरचं काम त्याच्यावर सोपवू नये: २५ लिटरचा गिझर रिकामा उचलून पाहताना हलका वाटतो, भरला की त्यात २५ किलोची भर पडते, आणि न्हाणीघराच्या ओलीने जिप्सम मऊ पडतं ते वेगळंच.

मात्र खरा खुंटीचा वारसा सांगणारा उपाय बोर्ड लागण्याआधीचा आहे. टीव्ही, ओट्यावरची कपाटं, वॉशबेसिन, पडद्याची दांडी जिथे येणार, तिथे चॅनलच्या मध्ये १८ मिलिमीटरचा प्लाय आडवा पक्का करायचा आणि मग बोर्ड बसवायचा. खर्च किरकोळ, काम एका सुताराचं, आणि नंतर त्या जागी साधा लाकडाचा स्क्रूदेखील घट्ट बसतो. पंख्याच्या हुकाच्या बाबतीत आपण हे विनातक्रार करतोच. स्लॅब भरण्याआधी हुकाचा डबा सळयांमध्ये अडकवून ठेवला जातो, आणि तो विसरणाऱ्या मिस्त्रीला सगळी साइट बोल लावते. झोपाळ्याचे हुकही शहाणा मालक स्लॅब पडण्याआधी सांगतो. फॉल्स सीलिंगला झोपाळा टांगायची कल्पना कुणाच्या डोक्यात येत नाही. भिंतीच्या बाबतीत मात्र हा शहाणपणा विटेच्या सुबत्तेत हरवला. ‘नंतर ड्रिल मारू’ हे वाक्य शंभरेक वर्षांपूर्वी कुणालाच म्हणता आलं नसतं.

जिप्समचा आणखी एक अवतार इथे नोंदवायला हवा. खतकारखान्यांत उरणाऱ्या फॉस्फोजिप्समचे काचतंतू घातलेले मोठे पोकळ पॅनल तयार होतात; मुंबईच्या चेंबूरमध्ये आरसीएफ या खतकंपनीने त्यांचा कारखाना काढला, आणि घरबांधणीची पद्धत आयआयटी मद्रासच्या अभियंत्यांनी बसवली. पॅनल १२ मीटर लांब, ३ मीटर उंच आणि १२४ मिलिमीटर जाड. आतल्या पोकळ्या काँक्रीटने भरल्या तर ही भिंत छप्परही पेलते. इथेही प्रश्न तोच: कुठली पोकळी भरली आणि कुठली रिकामी, हे बाहेरून कळत नाही. भरलेल्या पोकळीत फास्टनर दगडासारखा बसतो, शेजारच्या रिकाम्या पोकळीत तो नुसता कवचात अडकतो.

तेव्हा नवं घर घेणाऱ्यांनी किंवा जुन्यात पार्टिशन घालणाऱ्यांनी बोर्ड चढवण्याच्या आदल्या दिवशी तासभर काढावा. मेजरिंग टेप भिंतीला लावून, आकडे स्पष्ट दिसतील असे प्रत्येक भिंतीचे फोटो घ्यावेत. चॅनल कुठे, प्लाय कुठे, वायर आणि पाण्याचे पाइप कुठे, फोम किती जाडीचा, हे जमिनीपासूनच्या आणि कोपऱ्यापासूनच्या मापांसकट एका कागदावर लिहावं. बिल्डरकडून घर घेत असाल तर ताबा घेताना हा कागद मागून घ्यावा. नसेल तर तो करून द्यायला सांगावं. तो घराच्या फायलीत विजेच्या बिलांबरोबर ठेवावा, आणि घर विकलं तर किल्ल्यांबरोबर पुढच्या मालकाच्या हाती द्यावा.